दर चढलेला असताना जुनी स्पोर्ट्स गाडी कधी घ्यावी?

विट्याच्या एका 29 वर्षांच्या तरुणाने विचारलं आहे: "2018 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, 46 हजार किलोमीटर चाललेली, तामिळनाडू पासिंग. माझे मामा कोईमतूरला गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात आहेत, त्यांनी शोधली. मालक 26 लाख मागतोय. माझ्याकडे 16 लाख साठलेत, 10 लाखांचं कर्ज काढेन. वडील म्हणतात, आठ वर्षं जुन्या गाडीला नव्या गाडीचा भाव कशाला द्यायचा, बाजार उतरू दे. आत्ता घेऊ की वर्षभर थांबू?"

मी सांगलीत शंभर फुटी रोडला 26 वर्षं जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो, शेजारी स्वतःचं गॅरेज आहे. अशा गाड्या वर्षाकाठी पाच-सहाच हातातून जातात, पण माझा जीव त्यांच्यातच अडकलेला असतो. म्हणून आधी निर्णय सांगतो, मग कारणं. बाजार उतरेल या आशेने थांबू नका, तो फारसा उतरणार नाही. पण 26 लाखांत तुमची सगळी पुंजी संपत असेल तर आज घेऊही नका. वाट बाजाराची नाही, स्वतःच्या शिलकीची बघायची.

वडिलांचं म्हणणं चुकीचं नाही, ते सगळ्या गाड्यांना सारखं लागू होत नाही एवढंच. दर का चढला हे आधी बघावं लागतं. 2021 आणि 2022 मध्ये चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने वेटिंग होतं. लोक शोरूममधून थेट आमच्याकडे यायचे आणि दोन वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी जवळपास नव्याच्या भावात उचलायचे. तेव्हा मीही चढ्या भावात चार गाड्या घेऊन ठेवल्या. नव्या गाड्यांचा पुरवठा सुरळीत झाला आणि त्या चारही मला तोट्यात काढाव्या लागल्या. तो दर टंचाईचा होता, टंचाई संपली तसा तोही संपला. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कमी झाला, छोट्या गाड्या 18 टक्क्यांवर आल्या, तेव्हा महिन्याभरात जुन्या हॅचबॅकचे दर खाली आले. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीला खाली यावंच लागतं.

तुम्ही बघताय त्या गाडीला मात्र खाली ओढणारी नवी गाडीच नाही. ही आरएस ऑगस्ट 2017 मध्ये 24.62 लाख एक्स-शोरूमला आली, 230 पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती). मोजक्याच आल्या आणि संपल्या. 2020 मध्ये 245 पीएसची आली तेव्हा 200 गाड्या होत्या आणि किंमत 35.99 लाख. ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा आली, 265 पीएसची, फक्त 100 गाड्या, 49.99 लाखांना. आता या तीन आकड्यांकडे 2018 च्या मालकाच्या नजरेने बघा. नवी पन्नास लाखांना, तीही मिळत नाही, मग तो आपली 26 ला का सोडेल? वडिलांना ही गाडी आठ वर्षं जुनी दिसते, मालकाला ती नव्याच्या निम्म्या भावात दिसते. दोघांचा हिशोब आपापल्या जागी बरोबर आहे.

स्कोडा फोक्सवॅगनच्या घरातली, त्याच घरातलं दुसरं उदाहरण फोक्सवॅगन पोलो जीटीआयचं. 2016 मध्ये तीन दारांची, 192 पीएसची, 99 गाड्या, 25.99 लाख. पोलोला एवढे पैसे कोण देणार म्हणून पडून राहिली आणि वर्षभराच्या आत किंमत 19.99 लाखांवर आणावी लागली. माझे एक डॉक्टर गिऱ्हाईक आहेत मिरजेचे, त्यांना तेव्हाच घ्यायची होती. सहा लाख उतरले म्हणजे अजून दोन उतरतील म्हणून थांबले. गाड्या संपल्या. 2022 मध्ये भारतातली पोलोच बंद झाली, आणि आज तीच जीटीआय लोक हुडकत फिरतात. डॉक्टरांनी दोन लाखांसाठी ती गाडी कायमची गमावली. माझ्याकडे आले की अजून विषय काढतात.

हे वाचून लगेच कोईमतूरचं तिकीट काढू नका. दर पडणार नाही याचाच दुसरा अर्थ असा की तो रातोरात पाच लाखांनी वाढणारही नाही. "आज टोकन नाही दिलं तर गेली" हे एजंटचं वाक्य आहे. अशा गाडीचे मालक हौशी असतात आणि हौशी माणूस तीन-चार वर्षांत पुढच्या गाडीकडे वळतो. कुणाची बदली होते, कुणी परदेशी जातो, कुणाच्या घरात बाळ येतं आणि मोठी गाडी लागते. पुण्या-मुंबईकडे, बेंगळुरूला, केरळात दर काही महिन्यांनी एखादी बाहेर येतेच. म्हणजे वर्षभर थांबण्यात तुमचं फार काही जात नाही. त्या वर्षात खिशात भर पडत असेल तर उलट फायदाच आहे.

आता 26 लाखांत काय काय बसत नाही ते सांगतो, कारण सगळा निर्णय इथे आहे.

तामिळनाडूच्या आरटीओतून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला आणायचा, फॉर्म 28. गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार म्हटल्यावर एमएच-10 म्हणजे सांगलीचं पासिंग करून घ्यावंच लागतं, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरावा लागतो. 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तो 13 टक्के आहे. गाडीच्या वयाप्रमाणे सूट मिळते, तरी लाखाच्या पुढचाच आकडा धरून चला, आणि नेमकी रक्कम सौद्याच्या आधी आरटीओतून काढून घ्या. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो हातात पडेपर्यंत हिशोबात धरू नका. गाडी कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर अजून सावध राहा, आपल्याकडे कंपनीच्या नावावरच्या गाडीला 20 टक्के लागतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे सोडायचे नाहीत.

मग टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 3218 असेल तर 2018 सालचा 32 वा आठवडा. 46 हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला मूळचेच टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर एवढी ताकद ते जमिनीला देऊ शकत नाही. चारही बदला. गिअरबॉक्स सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक, आणि तोही तेलात बुडालेल्या ओल्या क्लचचा. त्याचं तेल आणि फिल्टर 60 हजार किलोमीटरला बदलायचं असतं, म्हणजे तुमच्याच हातात येणार. सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीएसजीची जी रडगाणी तुम्ही ऐकली असतील ती याची नाहीत, तेवढा हा निश्चिंत आहे. इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग गळायला लागणं ही जगभर माहीत असलेली गोष्ट आहे, त्यामुळे कुलंटची पातळी आणि वॉटर पंपाच्या आसपास सुकलेले गुलाबी डाग बघायचेच. ब्रेक डिस्क, इन्शुरन्स, ट्रकवरून गाडी आणायचं भाडं, हे सगळं धरून माझ्या अंदाजाने गाडीच्या वर साडेतीन-चार लाख लागतील. म्हणजे ती गाडी तुम्हाला तीसला पडते, आणि तुमच्याकडे सव्वीस आहेत.

कर्जाचं गणित अजून घट्ट आहे. बँक मालकाच्या मागणीवर कर्ज देत नाही, स्वतःच्या मूल्यांकनावर देते, आणि चढ्या बाजारात या दोन आकड्यांत मोठी दरी असते. शिवाय कर्ज फिटेपर्यंत गाडीचं वय दहाच्या आसपास असावं अशी बऱ्याच ठिकाणी अट असते. त्यामुळे पाच-सात वर्षांचा हप्ता विसरा. 10 लाख, तीन वर्षं, 13 टक्के धरलं तर महिन्याला साधारण 33,700 रुपये. हा हप्ता भरताना एक दिवस टर्बोचं काम निघालं तर गाडी शेडमध्ये उभी राहते. मी अशा उभ्या राहिलेल्या गाड्या घेतलेल्या आहेत, हवा जाऊन टायर बसलेले. त्या विकणाऱ्या पोरांचे चेहरे मला आठवतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणूनच एवढं लिहितोय.

इन्शुरन्सबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार संपली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम, पहिली पाच वर्षं ठरलेल्या घसाऱ्याने उतरते. पाचव्या वर्षी मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. आधीच्या मालकाने हप्ता वाचवायला 10 लाख टाकलेली असेल आणि तुम्ही 26 ला घेऊन तीच पॉलिसी नावावर करून घेतलीत, तर मधले 16 लाख उघड्यावर आहेत. नवी पॉलिसी घेताना आयडीव्ही खरेदीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, हप्ता वाढला तरी चालेल. किती आयडीव्ही मिळते हे सौद्याच्या आधी विचारा. तो आकडा फारच खाली असेल तर तोच मालकासमोर ठेवून घासाघीस करा.

सांगलीच्या माणसाला हे जास्त कळतं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 ची. मारुती चौक, गावभाग, सगळीकडे गाड्या टपापर्यंत पाण्यात. त्या वर्षी आणि पुन्हा 2021 ला आम्ही एवढ्या गाड्या उघडल्या की बुडालेली गाडी आता वासावरून कळते. पुढच्याच वर्षी एक गिऱ्हाईक मोठ्या शहरातून दोन दारांची एक जर्मन गाडी घेऊन आला. चकाचक, आरशासारखं पॉलिश, आत अत्तराचा वास. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला. ओढत गेलो, पार शेवटपर्यंत. रोजच्या वापरात बेल्ट तेवढा कधी बाहेर येत नाही. शेवटची वीतभर पट्टी तांबूस होती, बोटांनी चोळली तर पीठासारखी माती हाताला लागली. मग सीटच्या रुळाखाली टॉर्च मारला, स्क्रूंना गंज. मॅट उचलून खालचा स्पंज दाबला, वरून कोरडा आणि आतून गार. त्या पोराने पैसे देऊन टाकले होते. पुढचे आठ महिने कधी काच बंद, कधी एअरबॅगचा दिवा, कधी गाडी सुरूच नाही. इंजिन बुडून वाचतं हो, वायरिंग वाचत नाही. ते आतून हिरवं पडत जातं आणि एकेक कनेक्टर वर्षभर दगा देतो.

पूर फक्त सांगलीला येतो असं नाही. चेन्नईची 2015 आणि 2023 आठवा, केरळची 2018 आठवा. तुमची गाडी 2018 ची आहे आणि कोईमतूर केरळच्या सीमेला लागून. म्हणजे ती बुडालीच असेल असं मी म्हणत नाही. पण मामांना बेल्ट शेवटपर्यंत ओढून फोटो पाठवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

बाकी तपासणीत मी तीन गोष्टींवर अडून बसतो. पहिली, सकाळी पूर्ण थंड इंजिन सुरू होताना बघणं. "तुम्ही येताय म्हणून गरम करून ठेवली" म्हणाला की मी चहा पिऊन थांबतो, पुन्हा गार होऊ देतो. दुसरी, स्कॅनर लावून मीटरवरचे किलोमीटर आणि आतल्या कंट्रोल युनिट्समधले किलोमीटर जुळतात का ते बघणं, आणि सोबत कंपनीचा सर्व्हिस इतिहास. तिसरी रिमॅपची. या इंजिनाची ताकद सॉफ्टवेअरने वाढवणं सोपं आहे, म्हणून पुष्कळ मालक करतात आणि विकताना परत मूळ सॉफ्टवेअर टाकतात. रिमॅप केलेली गाडी वाईटच असते असं माझं मत नाही. लपवलेली वाईट. मालकाने बिलासकट सांगितलं तर मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कुठल्याही चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे मिळतं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. एखाद्या पॅनलवर 400 लागला की खाली पुट्टी आहे. दारावर चालतं, छप्पर आणि पिलरवर चालत नाही.

आपल्या भागाचं एक विशेष. आज पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांमधूनही जातं. 2018 ची गाडी त्याच्यासाठी बनवलेली नाही. चालते, पण ॲव्हरेज थोडं कमी देते, आणि जुन्या रबरी नळ्या-सील वर्षातून एकदा बघायला हव्यात. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत असलं पेट्रोल तसंच ठेवू नका.

आता "कधी" याचं कॅलेंडर. आपल्याकडे पितृपक्षात कुणी गाडीला हात लावत नाही. ते पंधरा दिवस आमच्या धंद्यात शांतता असते आणि विकणारा नरम असतो. लगेच नवरात्र, दसरा, दिवाळी, मग कारखाने सुरू होऊन उसाची बिलं पडायला लागली की गिऱ्हाईक नोटा घेऊन येतं आणि कुणी एक रुपया सोडत नाही. पावसाळ्यातही बुटक्या गाड्यांना मागणी कमी असते, आणि दाराचं रबर गळतंय की नाही हे तेव्हाच कळतं. पण खरं सांगायचं तर हे गणित पन्नास हजार, फार तर लाखाचं आहे, आणि कोईमतूरच्या मालकाला आपला पितृपक्ष नाही. तिथे दर हलतो तो मालकाच्या गरजेने. त्याने पुढची गाडी बुक केली आहे का, तिची डिलिव्हरी कधी, ही गाडी किती दिवसांपासून विकायला लावली आहे, एवढं मामांनी चहा पिता पिता काढून घ्यावं. अशा गाडीला खरेदीदारही मोजकेच असतात. मागणी 26 ची असते आणि सौदा कितीला झाला हे कुणी जाहीर करत नाही, म्हणून जाहिरातीतले आकडे बघून घाबरू नका.

तर माझा सल्ला असा. तपासणी पूर्ण उत्तम निघाली, सर्व्हिसची सगळी बिलं असली, आणि मालक 23 च्या आत आला, तर आत्ता घ्या. मग वरच्या खर्चासकट 26 ते 27 मध्ये बसते. कर्ज आठच काढा आणि वरचे दोन-तीन लाख घरातून बिनव्याजी मिळतात का बघा. 24 च्या पुढे अडला तर नमस्कार करून परत या. हप्त्याचे जे 33 हजार बँकेत जाणार होते ते दहा महिने स्वतःच्या खात्यात टाका. सव्वातीन लाखांच्या वर जमतील आणि तेवढ्यात हप्त्याचं ओझं पेलतं की नाही हेही कळेल. पेललं नाही तर गाडी न घेता कळलं. पेललं तर पुढची आरएस येईल तेव्हा तुम्ही पैसे हातात घेऊन उभे असाल, आणि रोख, तयार माणसाला मालक दीड-दोन लाख सोडतो हे मी कितीदा तरी बघितलंय.

वडिलांना एकदा सोबत घेऊन चक्कर मारा, ही विनंती आहे. ही गाडी नाही तर दुसरी कुठलीही चालेल. पहाटे साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढत कासच्या वाटेला जा, शर्यत लावायला नाही, नुसतं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळणं घेत. वळणातून बाहेर पडताना गाडी जी ओढ घेते ती शेजारी बसून अनुभवली की आठ वर्षं जुन्या गाडीला एवढे पैसे का, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागणार नाही. आणि परत येताना अंधार पडला असेल, हंगाम चालू असेल, तर वेग निम्म्यावर आणा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे एकही दिवा नसताना रस्त्यात उभ्या असतात, आणि या गाडीत आपण त्यांच्यापर्यंत वाटतं त्यापेक्षा फार लवकर पोहोचतो.

मामांना आजच फोन करा. सीटबेल्ट, टायरचे चार आकडे, आरसीच्या दोन्ही बाजू आणि थंड इंजिन सुरू करतानाचा सलग व्हिडिओ, एवढं मागवा. ते आलं की इथेच कळवा, मी बघून सांगतो.